नव्या ग्रंथांचा शोध

"वाचावयास काही चांगले मिळत नाही," ही तक्रार आमच्या कानांवर दोन्ही बाजूंनी येते. विद्यार्थी ती करतात, आणि विद्यार्थ्यांचे वडील व माताही करतात. नवल एवढेच की, ज्या ग्रंथालयाच्या दाराशी उभे राहून ही तक्रार केली जाते त्याची कपाटे आत भरलेली असतात. काठोकाठ भरलेल्या विहिरीपाशी येऊन मनुष्याने तहानेने व्याकूळ व्हावे आणि पोहरा व दोर कोठे आहेत हे मात्र विचारू नये, तशातलाच हा प्रकार होय. पुस्तकांची उणीव नाही. ती शोधण्याच्या रीतीची उणीव आहे. ती रीत कोणती, तिचा अभ्यास कसा करावा, आणि तीत पालकांचा वाटा कोणता, याचा थोडासा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम 'नवे पुस्तक' म्हणजे काय, हे ठरविले पाहिजे. गेल्या महिन्यात छापून निघाले ते नवे, असा सामान्य समज आहे. दुकानदारास हा अर्थ सोयीचा असेल; वाचकास तो पुरेसा नाही. ज्याने ते अद्याप उघडलेले नाही त्यास शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तकही नवेच होय. शिवाय नवेपणा केवळ एका पुस्तकाचा नसतो, प्रकाराचाही असतो. जो विद्यार्थी फक्त रहस्यकथा वाचतो त्याच्या हाती पन्नासावी रहस्यकथा आली तरी तीत त्यास फारसे नवे काही सापडत नाही. परंतु त्याच विद्यार्थ्याने एखादे प्रवासवर्णन किंवा आत्मचरित्र उघडले तर त्याच्यापुढे एक अगदी निराळे दालन खुले होते. म्हणून नव्या पुस्तकांचा शोध म्हणजे नव्या दालनांचा शोध, असे आम्ही समजतो.

हा विषय आम्हांस महत्त्वाचा का वाटतो तेही सांगितले पाहिजे. मुलांचे वाचन पुष्कळदा एका ठरावीक ठिकाणी तुटते असे आमच्या पाहण्यात आले आहे. दहाअकरा वर्षांपर्यंतचा मुलगा पशुपक्ष्यांच्या व राजाराणीच्या गोष्टी आवडीने वाचतो. तेराचौदा वर्षांचा झाला म्हणजे त्या गोष्टी त्यास पोरकट वाटू लागतात, आणि मोठ्यांच्या कपाटातील जाड ग्रंथ पाहून त्याची छाती दडपते. या दोहोंच्या मध्ये जी दरी असते तीत कितीतरी चांगले वाचक कायमचे हरवतात. आपण त्यांस आळशी म्हणतो, क्वचित परीक्षेच्या अभ्यासाला दोष देतो. खरे पाहता त्यांस पुढची पायरी कोणी दाखविलेलीच नसते. ज्याचे वाचन या वयात तुटले तो पुढे मोठा झाल्यावर अर्ज लिहील, हिशेब वाचील, वर्तमानपत्रावरून नजर फिरवील. पण आपल्या अडचणीच्या वेळी ग्रंथाकडे धाव घेण्याची बुद्धी त्यास होणे कठीण. एवढे मोठे नुकसान एका लहानशा पायरीच्या अभावी व्हावे, हे योग्य नाही.

मराठीत अशा पायऱ्या नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडे मुलांसाठी पुस्तके छापण्याची प्रथा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र' हे पुस्तक इ. स. १८२८ साली मराठीत आणिले. त्याचे मूळ बर्क्वे नामक फ्रेंच ग्रंथकाराचे असून छत्र्यांनी ते इंग्रजीवरून घेतले होते. योगायोग असा की, त्याच १८२८ साली रत्नागिरीस ग्रंथालय स्थापन झाले, आणि ते रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय या नावाने आजही नांदत आहे. पुढे नाशिक येथे १८४० साली, पुण्यास १८४८ साली व कोल्हापुरास १८५० साली अशीच वाचनालये उघडली. गोमंतकात पणजीचे ग्रंथालय तर १८३२ सालचे आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली निघाले, आणि ठाण्याचे त्याच्याही आधी, १८९३ साली. मुलांच्या हाती दर महिन्यास काही यावे म्हणून वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केले. सांगण्याचे तात्पर्य हे की, आपल्या वाडवडिलांनी पुस्तके आणि पुस्तकांची घरे या दोन्हींची तरतूद करून ठेविली आहे. आपण फक्त आत शिरावयाचे आहे.

आता आत शिरल्यावर काय करावे ते पाहू. पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तकाच्या पाठीवर एक आकडा चिकटविलेला असतो. विद्यार्थ्यांस तो निरर्थक वाटतो. वस्तुतः तो त्या पुस्तकाचा पत्ता होय. मेल्विल ड्यूई नामक अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ही पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात सर्व विद्यांचे दहा वर्ग पाडिले आहेत. शंभरपासून तत्त्वज्ञान, दोनशेंपासून धर्म, तीनशेंपासून समाजशास्त्रे, चारशेंपासून भाषा, पाचशेंपासून निसर्गविज्ञान, सहाशेंपासून उपयुक्त विद्या, सातशेंपासून कला, आठशेंपासून साहित्य, आणि नऊशेंपासून इतिहास व भूगोल. ज्ञानकोशादी सर्वसामान्य ग्रंथ शून्याच्या वर्गात येतात. मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६ असा आहे. त्यापुढे १ आला तर कविता, २ आला तर नाटक, ३ आला तर कथाकादंबऱ्या व ४ आला तर निबंध समजावे.

या आकड्यांचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या मुलास पक्ष्यांची आवड आहे असे समजा. तो ५९८ या आकड्यापाशी गेला तर त्यास पक्ष्यांच्या जाती, त्यांची घरटी व त्यांचे स्थलांतर यांची माहिती मिळेल. परंतु कोंबड्या पाळण्याचे पुस्तक तेथे नसून ६३६ मध्ये, म्हणजे पशुपालनाच्या पुस्तकांत असेल. पक्ष्यांवरील कविता ८९१.४६१ मध्ये असतील. आणि पक्ष्यांची चित्रे काढावयास शिकविणारे पुस्तक सातशेंच्या वर्गात असेल. एकच आवड, पण तिची घरे चार! ज्यास हे ठाऊक नाही तो एका घराचे दार ठोठावून परत फिरतो. ज्यास ठाऊक आहे तो चारही घरी जातो, आणि जाता जाता शेजारच्या घरांतही डोकावतो. हवे असलेले पुस्तक सापडले म्हणजे त्याच्या डाव्या व उजव्या बाजूची दोन दोन पुस्तके काढून पाहावी, हा नियम आम्ही प्रत्येक विद्यार्थ्यास सांगू इच्छितो. न शोधता सापडलेली पुस्तके बहुधा अशीच सापडतात.

दुसरी रीत याहून अधिक गोड आहे. ती म्हणजे एका पुस्तकाचे बोट धरून दुसऱ्याकडे जाणे. वर ज्या दरीचा उल्लेख आम्ही केला तीवर पूल बांधावयास ही रीत फार उपयोगी पडते; कारण पहिले पुस्तक मुलांच्या कपाटातील असते आणि शेवटचे मोठ्यांच्या. अशा काही वाटा येथे दाखवितो.

पहिली वाट साहसाची व विज्ञानाची. भा. रा. भागवत यांचा 'फास्टर फेणे', म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, हा मराठी मुलांस परका नाही. याच भागवतांनी झूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या अद्भुत कादंबऱ्याही मराठीत आणिल्या. फेणेच्या मागे धावणारा मुलगा सहजच व्हर्नपाशी येतो. व्हर्नपासून जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा एका पावलावर आहेत. नारळीकर हे जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ. परंतु १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट पाठविली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या कीर्तीचा भार परीक्षकांवर पडू नये, असा त्यात हेतू होता. त्या कथेस पहिले बक्षीस मिळाले. पुढे 'यक्षांची देणगी' या संग्रहाने मराठी वाचकांस विज्ञानकथेची गोडी लाविली. कथा वाचून ज्याचे कुतूहल जागे झाले त्याने त्यांचेच 'आकाशाशी जडले नाते' हे खगोलशास्त्रावरील पुस्तक घ्यावे, आणि अखेरीस 'चार नगरांतले माझे विश्व' हे आत्मचरित्र वाचावे. ती चार नगरे म्हणजे वाराणसी, केंब्रिज, मुंबई व पुणे. या आत्मचरित्रास २०१४ सालचे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. नारळीकर २०२५ साली निवर्तले. पण बारा वर्षांच्या मुलास बोटाशी धरून थेट तारामंडळापर्यंत नेणारी ही वाट त्यांनी मागे ठेविली आहे.

दुसरी वाट घराची. हिचा आरंभ बहुतेकांच्या परिचयाचा आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले व ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. ते वाचून डोळे पुसणारे विद्यार्थी पुष्कळ. पण त्यानंतर काय वाचावे, हे विचारणारे थोडे. आम्ही त्यांस लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुचवू. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या या पत्नीने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लग्नानंतर त्यांस अक्षरओळख झाली, आणि उतारवयात त्यांनी आपल्या संसाराची हकीगत इतक्या सरळ, इतक्या विनोदी व इतक्या निर्भय भाषेत सांगितली की मराठी आत्मचरित्रांत तिचे स्थान अढळ झाले. त्यानंतर रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचे पुस्तक वाचावे. न्यायमूर्ती रानड्यांशी विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या व त्यांस लिहितावाचता येत नव्हते. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून त्या कशा शिकल्या, हे त्यांच्याच शब्दांत वाचण्यासारखे आहे.

ही वाट येथे संपत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी व विशेषतः पालकांनी याच वाटेने दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) व लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांपर्यंत यावे. गावकुसाबाहेरचे घर, किंवा गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचे घर, हेही घरच आहे. तेथेही आई आहे, भूक आहे, शाळेची ओढ आहे. ज्याने श्यामच्या आईसाठी अश्रू ढाळले त्याने या आयांकडे पाठ फिरविली तर त्याच्या वाचनाचा उपयोग काय झाला, असा प्रश्न आम्ही विचारू. ही पुस्तके कठोर आहेत. ती वाचून मन अस्वस्थ होते. परंतु आपल्याच गावात, आपल्याच वर्गात जे आपल्याशेजारी बसतात त्यांचे जिणे आपणांस ठाऊक नसावे, ही गोष्ट त्या अस्वस्थतेहून अधिक वाईट आहे.

तिसरी वाट रानाची. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेची एक कादंबरी १९३८ साली निघाली. राम पटवर्धन यांनी ती 'पाडस' या नावाने मराठीत आणिली. फ्लॉरिडाच्या रानात राहणारा ज्योडी नावाचा मुलगा आणि त्याने पाळलेले हरणाचे पाडस यांची ती गोष्ट आहे. भाषांतर म्हणून नाक मुरडू नये. मराठी गद्याचा उत्तम नमुना म्हणूनही ते पुस्तक वाचण्यालायक आहे. तेथून व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'कडे (१९५५) वळावे. माणदेशातील धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर, ओस पडलेली शाळा, आणि दुष्काळाने उठून जाणारी वाडी, हे चित्र शाळेत शिकणाऱ्या प्रत्येकास आपलेसे वाटेल. त्याच लेखकाची 'सत्तांतर' ही छोटी कादंबरी वानरांच्या टोळ्यांच्या झगड्यावर आहे. पुढे वनखात्यात सारा जन्म घालविलेल्या मारुती चितमपल्ली यांची 'रानवाटा', आणि शेवटी दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' (१९५६). 'ऋतुचक्रा'त बारा महिन्यांचे बारा रंग आहेत. ते एका बैठकीत वाचून संपविण्याचे पुस्तक नव्हे. चैत्र लागला म्हणजे चैत्राचा लेख वाचावा व बाहेर जाऊन झाडे पाहावी. वैशाख लागला म्हणजे वैशाखाचा. असे वर्षभर केले तर पुस्तकही वाचून होईल आणि आपल्या गावची झाडेही ओळखीची होतील.

चौथी वाट इतिहासाची. हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी तानाजी मालुसऱ्यांच्या पराक्रमावर आहे व ती मुलांस आवडते. परंतु कादंबरी हा इतिहास नव्हे, हे कोठे तरी शिकावयास हवे. त्यासाठी प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेली हकीगत वाचावी. विष्णुभट गोडसे हे कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे गरीब भिक्षुक. कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून ते उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या बंडाळीत सापडले. झाशीस वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. त्यांनी लिहिलेला वृत्तान्त 'माझा प्रवास' या नावाने चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली छापिला. वैद्यांनी मूळ लेखनात फेरफार केले होते. मूळ पाठ पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. म्हणून हे पुस्तक घेताना आपल्या हाती कोणती प्रत आहे, हे प्रस्तावनेवरून पाहून घ्यावे. इतिहासाच्या अभ्यासाचा हा पहिलाच धडा होय. गोडसे भटजींच्या मागोमाग पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' (१८८९) वाचावे. एक मराठी स्त्री त्या काळी अमेरिकेत जाते, आणि तेथील राज्यव्यवस्था, घरे, शाळा व स्त्रियांची स्थिती बारकाईने पाहून आपल्या लोकांस मराठीत सांगते, ही घटनाच मुळी विचार करावयास लावणारी आहे.

याशिवाय एकाच लेखकाच्या दोन कपाटांतून ये-जा करण्याचीही एक वाट आहे. विंदा करंदीकर यांनी मुलांसाठी 'राणीची बाग' व 'एटू लोकांचा देश' लिहिले; त्यांच्याच प्रौढ काव्याचा गौरव २००३ सालच्या ज्ञानपीठ पारितोषिकाने झाला. रत्नाकर मतकरी यांची 'निम्मा शिम्मा राक्षस' व 'अलबत्या गलबत्या' ही नाटके पाहून लहान मुले हसली, आणि त्यांच्याच गूढकथा वाचून मोठी माणसे रात्री दचकली. बालपणी ज्याचा आवाज ओळखीचा झाला, त्याच्या मोठ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकाची भीती वाटत नाही. विनोदी वाङ्मयासंबंधी फार सांगावयास नको. चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ आणि पु. ल. देशपांडे यांची 'व्यक्ती आणि वल्ली' ही घरातील सर्वांनी मिळून मोठ्याने वाचण्याजोगी आहेत.

जुन्यातील नवे कसे शोधावे ते झाले. आता आज लिहिणाऱ्यांची ओळख कशी करून घ्यावी ते पाहू. या बाबतीत महाराष्ट्रास एक भाग्य लाभले आहे, ते म्हणजे दिवाळी अंक. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढिला, आणि तेव्हापासून ही प्रथा चालत आली आहे. दिवाळी अंक म्हणजे पंचवीस-तीस लेखकांच्या लेखनाची एका ताटात वाढलेली चव होय. अंकातील जी कथा किंवा जो लेख आवडला त्याच्या लेखकाचे नाव वहीत टिपून ठेवावे, व पुढे ग्रंथालयात त्याचे पुस्तक मागावे. मुलांसाठी पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' मासिक १९७१ सालापासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. साहित्य अकादमी २०१० सालापासून बालवाङ्मयासाठी व २०११ सालापासून तरुण लेखकांसाठी स्वतंत्र पारितोषिके देत आहे; त्यांच्या याद्याही पाहाव्या. पारितोषिक मिळाले म्हणजे पुस्तक आपणांस आवडेलच असे नाही. परंतु शोधाचा आरंभ करावयास ती एक बरी खूण आहे. सुट्टीत सहल काढावयाची असेल त्यांनी पाचगणीजवळील भिलार या गावी जावे. स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. तेथे गावकऱ्यांनी आपल्या घरांत विषयवार पुस्तके मांडिली असून कोणीही जाऊन बसावे व वाचावे.

पुस्तक हाती आल्यावर ते आपणांसाठी आहे की नाही, हे ओळखावयास फार वेळ लागत नाही. मुखपृष्ठावरील चित्रावर विसंबू नये. आतील पान उलटून पुस्तक प्रथम केव्हा छापिले व ही कितवी आवृत्ती ते पाहावे. विज्ञानाच्या पुस्तकात तर हे पाहिलेच पाहिजे, कारण तेथील माहिती लवकर जुनी होते. नंतर अनुक्रमणिका वाचावी, प्रस्तावनेची दोन पाने वाचावी, आणि मग मधलेच एखादे पान उघडून ते सबंध वाचावे. त्या पानावर पाचाहून अधिक शब्द अडले तर ते पुस्तक सध्या बाजूस ठेवून सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. एकही शब्द अडला नाही आणि एकही विचार नवा वाटला नाही, तर ते आपल्या वयाच्या मागे पडले असे समजावे. घेतलेले प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे, असा हट्ट नसावा. मात्र पन्नास पाने वाचल्यावाचून ते नीरस ठरवू नये. कित्येक चांगली पुस्तके चांगल्या माणसांसारखी असतात. पहिल्या भेटीत ती फारशी बोलत नाहीत.

आता पालकांस दोन शब्द. "अवांतर वाचनाने अभ्यास बुडतो," अशी भीती पुष्कळांस वाटते. वेळेचे मान राहिले नाही तर कोणत्याही गोष्टीने अभ्यास बुडेल, हे खरेच. परंतु गणिताचे उदाहरण चुकणाऱ्या कित्येक मुलांस गणित येत नसते असे नाही. उदाहरणाची भाषाच त्यांस नीट समजलेली नसते. ती समज पुष्कळ वाचनावाचून येत नाही. दुसरी भीती अशी की, मुलांच्या हाती भलते पुस्तक पडेल. ही भीती अवास्तव नाही. पण तिच्यावर उपाय बंदी हा नव्हे, सोबत हा आहे. न वाचता कोणतेही पुस्तक मना करू नये, आणि न वाचता कोणतेही पुस्तक चांगले म्हणून मुलांवर लादूही नये. मुलाने एखादे पुस्तक आणिले तर त्यातील दोन प्रकरणे आपण वाचावी आणि रात्री जेवताना त्याविषयी बोलावे. ज्या घरात वडील माणसे कधीच पुस्तक उघडत नाहीत त्या घरात मुलास 'वाच' म्हणून सांगण्याचा उपयोग फारच थोडा होतो.

"आम्हांलाच वाचता येत नाही, मग मुलांस काय सांगणार?" असे म्हणणारे आईबापही आहेत, आणि ते हे फार संकोचाने म्हणतात. त्यांस आमची विनंती अशी की, संकोच सोडावा. मराठीतील दोन श्रेष्ठ आत्मकथा ज्यांनी लिहिल्या त्या लक्ष्मीबाई व रमाबाई लग्नाच्या वेळी निरक्षर होत्या, हे वर सांगितलेच आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी तर अखेरपर्यंत निरक्षर राहिल्या. जात्यावर दळताना व शेतात काम करताना त्यांना ओव्या सुचत. पुत्र सोपानदेव व घरची माणसे त्या लिहून ठेवीत. १९५१ साली त्या वारल्या आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. मुलाने आईची वाणी कागदावर उतरविली म्हणून महाराष्ट्रास एक थोर कवयित्री लाभली. तेव्हा ज्या घरी आईस वाचता येत नाही त्या घरी मुलाने तिला वाचून दाखवावे. तिने ऐकावे, प्रश्न विचारावे, आणि आपल्यापाशी असलेल्या गोष्टी, म्हणी व गाणी मुलास सांगावी. मोठ्याने वाचल्याने मुलाचे वाचन सुधारते, आणि आईच्या ज्ञानाला घरात मान मिळतो. हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे.

ग्रंथपाल या व्यक्तीचा आपण पुरेसा उपयोग करून घेत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. पुस्तके वापरण्यासाठी आहेत. प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे. प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. यांतील तिसरे सूत्र आम्हांस विशेष हृदयंगम वाटते. ग्रंथालयातील पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटविलेली असते. कधी तीवर शेवटची तारीख पंधरा वर्षांपूर्वीची आढळते. ते पुस्तक पंधरा वर्षे कोणाची तरी वाट पाहात उभे आहे! पुस्तकांस वाचक मिळाले नाहीत तर ग्रंथालये नुसत्या गोदामांसारखी होतात, आणि पुढे बंदही पडतात. म्हणून नव्या पुस्तकाचा शोध हे केवळ आपले सुख नव्हे. ज्यांनी ही ग्रंथालये उभारिली त्यांच्या श्रमांचे ते चीज करणे होय.

शेवटी येत्या सुट्टीसाठी थोडा अभ्यास सुचवितो. तो विद्यार्थ्यांनी पालकांसह करावा.

१. जवळच्या ग्रंथालयात जाऊन आपल्या आवडीचा एक विषय घ्यावा, आणि त्यावरील पुस्तके निरनिराळ्या तीन वर्गांत कोठे आहेत ते शोधून त्यांची नावे वहीत लिहावी.

२. वर सांगितलेल्या वाटांपैकी एक निवडून तीवरील निदान दोन पुस्तके वाचावी. एक आपल्या वयाचे, एक त्याहून वरचे.

३. ज्या प्रकारचे पुस्तक आजपर्यंत कधीच वाचले नाही असे एक मुद्दाम आणावे, व त्याची पन्नास पाने वाचून मत लिहावे.

४. घरातील वडीलधाऱ्या माणसास रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्याचे उत्तर आले नाही तो लिहून ठेवावा. त्या प्रश्नाचे उत्तर ज्या पुस्तकात असेल तेच आपले पुढचे पुस्तक.

५. तारखांच्या चिठ्ठीवर पाच वर्षांत एकही तारीख पडलेली नाही असे एक पुस्तक शोधून घरी न्यावे.

हा अभ्यास गुणांसाठी नाही व त्याची परीक्षाही कोणी घेणार नाही. मात्र जो तो मनापासून करील त्यास पुढच्या वर्षी "वाचावयास काय आहे?" असे विचारावे लागणार नाही, कोणते पुस्तक आधी घ्यावे, एवढीच काय ती त्याची अडचण राहील. ती अडचण आमच्या सर्व विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या वाट्यास येवो, अशी आमची मनापासून इच्छा आहे.